जोसेफ ह्यूम: मजुरांचा कैवारी की करदात्यांचा मुनीम?

रोजमेळ

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्याला शाळेपासून पाठ आहे. डिसेंबर १८८५, मुंबईची गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा, ७२ प्रतिनिधी आणि राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन. (हे अधिवेशन खरं तर पुण्यात भरायचं होतं, पटकीच्या साथीमुळे मुंबईला हलवलं.) त्याच्या वडिलांबद्दल मात्र मराठीत फारसं बोललं जात नाही, म्हणून हा धागा.

जोसेफ ह्यूमचा जन्म १७७७ चा, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या माँट्रोझ बंदरातला. वडील लवकर गेले. आईने भांड्यांचं दुकान चालवून घर ओढलं आणि पोराला गावातल्या डॉक्टरच्या हाताखाली ठेवलं. तिथून एडिंबरो, तिथून कंपनी सरकारचा डॉक्टर म्हणून हिंदुस्थान. १८०८ ला परत गेला आणि १८१८ पासून १८५५ मध्ये मरेपर्यंत जवळजवळ सलग पार्लमेंटात बसला.

तिथे त्याने केलं काय? सरकारी खर्चाची प्रत्येक बाब उघडून पाहिली. पदरच्या पैशाने कारकून ठेवले, त्यांच्याकडून आकडे काढून घेतले आणि सभागृहात तासन्‌तास एकेका रकमेवर उभा राहिला. लोक कंटाळायचे, हसायचे. 'टोटल'चा उच्चार तो 'टॉटल' करायचा, त्याचीही टिंगल व्हायची. १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या होणाऱ्या नवऱ्याला सरकारने वर्षाला ५०,००० पौंड सुचवले, तेव्हा २१,००० पुरेत अशी दुरुस्ती यानेच मांडली. ती पडली, पण शेवटी रक्कम ३०,००० वर आलीच. 'शांतता आणि सुधारणा' या घोषणेत 'काटकसर' हा शब्द त्याने घातला असं म्हणतात.

मी बत्तीस वर्षं हिशेब तपासणीत काढली. एका गावी मुरमाचं बिल पाहिलं. व्हाउचर चोख, मस्टरवर अंगठे, मोजमाप पुस्तकात सह्या. रस्त्यावर जाऊन उभा राहिलो तर चपलेला काळी माती चिकटली, मुरमाचा खडा नाही. आक्षेप लिहिला तेव्हा वरून विचारणा आली की एवढ्याशा रकमेसाठी कशाला? म्हणून हा माणूस मला जवळचा वाटतो. 'एवढ्याशा रकमेसाठी कशाला' हे त्याने सदतीस वर्षं ऐकलं आणि तरी तो खाली बसला नाही.

पण त्याचं सर्वात मोठं काम हिशेबाचं नव्हतं. १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी मजुरी वाढवून घ्यायला चार कामगार एकत्र आले की तो गुन्हा होता. शिक्षा तीन महिने तुरुंग, नाहीतर दोन महिने सक्तमजुरी. फ्रान्सिस प्लेस नावाच्या लंडनच्या शिंप्याने बाहेरून तयारी केली, कामगारांना साक्षीसाठी पढवलं, आणि पार्लमेंटच्या चौकशी समितीच्या अध्यक्षाच्या खुर्चीत ह्यूम होता. १८२४ मध्ये ते कायदे रद्द झाले, तेही इतक्या शांतपणे की निम्म्या खासदारांना विधेयक केव्हा पुढे सरकलं हे कळलं नसावं. कारागिराने देश सोडून जाणं हाही तोवर गुन्हा होता, तोही त्याच वर्षी गेला.

माझ्या मते हा माणूस शतकातल्या मोजक्या खऱ्या सुधारकांपैकी. तुमचं मत?

शिलेदार

काका, लेख मनापासून लिहिलाय, पण 'हिंदुस्थान, मग १८०८ ला परत' या दोन शब्दांत तुम्ही अकरा वर्षं उरकलीत. सगळी मेख तिथेच आहे.

१८०३ ची इंग्रज-मराठा लढाई. जनरल लेकच्या इंग्रज फौजेचा बंदुकीच्या दारूचा साठा ओलीने वाया जायच्या बेतात होता. ह्यूमला रसायनाची जाण होती, त्याने ती दारू सुकवून वापरण्याजोगी करून दिली. मग बुंदेलखंडातल्या फौजेबरोबर डॉक्टर, दुभाष्या (इथल्या भाषा तो शिकला होता), शिवाय पगारवाटप, टपाल, रसद आणि लुटीच्या वाटणीचं काम. त्याच सालात दिल्ली आणि लासवारीला शिंद्यांच्या पलटणी कापल्या गेल्या. आणि हा तिथून सुमारे ४०,००० पौंड घेऊन घरी गेला. भांड्यांच्या दुकानातून निघालेला पोरगा, तिशीच्या आसपास, ४०,००० पौंड! डॉक्टरच्या पगारात एवढे साठत नाहीत.

त्या पैशाचं पहिलं काय केलं? १८१२ मध्ये वेमथची जागा विकत घेतली. पार्लमेंटातली जागा, रोख मोजून. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी पुढच्या निवडणुकीत उभं करायला नकार दिला, तर हा कोर्टात गेला आणि काही पैसे वसूल केले. ग्रीसच्या स्वातंत्र्यासाठीचे रोखे घेतले, भाव पडल्यावर ते ग्रीक प्रतिनिधींच्याच गळ्यात घातले, आणि भाव चढल्यावर फरक मागितला. १८२६ मध्ये त्यावरून वर्तमानपत्रांत बभ्रा झाला होता. दुसऱ्याच्या वहीतली पै न्‌ पै मोजणाऱ्याची स्वतःची वही ही अशी. मला हे गिळवत नाही.

गिरणगाव

शिलेदारांचा मुद्दा पैशाचा आहे, माझा त्याहून जवळचा. माझे आजोबा आणि त्यांचे वडील दोघे परळच्या गिरणीत. पणजोबा अकराव्या वर्षी कामाला लागले, हे आजी सांगायची.

इंग्लंडात १८३३ मध्ये गिरण्यांतल्या मुलांसाठी कायदा आला. नवाच्या आतल्या पोरांना कापड गिरणीत घ्यायचं नाही, तेराच्या आतल्यांना आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. एवढंच, फार काही नाही. ह्यूम असल्या कायद्यांच्या विरोधात उभा राहिला, आणि पुढे दहा तासांच्या दिवसाच्या मागणीच्याही. का, तर मालक आणि मजूर यांच्यातल्या करारात सरकारने हात घालू नये. नऊ वर्षांची पोरगी मालकाशी कसला करार करणार होती?

रोजमेळकाका, हा तुमचा मजुरांचा कैवारी. आमच्याकडे कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांना रविवारची सुट्टी मिळवायला १८९० उजाडलं, तेव्हा गिरणीवाल्यांची हीच भाषा होती.

रोजमेळ

शिलेदार, ४०,००० चा आकडा मी टाळायला नको होता. चूक झाली, आणि आपल्याच माणसांशी झालेल्या लढाईतून आलेला तो पैसा म्हणून जास्तच. एक मात्र सांगतो. त्या काळात पार्लमेंटातली जागा विकत घेणारे शेकड्यांनी होते. ज्या व्यवस्थेतून आत शिरला तीच मोडायला पुढे उभे राहणारे किती? १८४८ मध्ये त्याने घरटी मताधिकार, गुप्त मतदान, सारखे मतदारसंघ आणि तीन वर्षांचं पार्लमेंट एवढं मागणारा ठराव आणला. हरला. पण मागितलं.

गिरणगाव, तुमच्या मुद्द्यावर मी दोन दिवस विचार करतोय. १८२४ मध्ये मजुरांवरच्या बंदीचे कायदे रद्द करणं आणि १८३३ च्या कायद्याला विरोध या दोन गोष्टी मला आधी परस्परविरोधी वाटायच्या. आता वाटतं एकाच मुळातून आल्या. 'करारात सरकारने पडू नये' या एका वाक्याने मजुरांना एकत्र यायला मोकळं केलं, आणि त्याच वाक्याने गिरणीतल्या पोरांना वाऱ्यावर सोडलं. प्लेसला तर वाटत होतं की बंदी उठली की संघटना आपोआप विरून जातील.

उंबरठा

एक गोष्ट कुणीच काढली नाही. १८३१ मध्ये, पार्लमेंटच्या निवडणुकांचा मोठा सुधारणा कायदा चर्चेत असताना, ह्यूमने वसाहतींना पार्लमेंटात जागा द्या म्हणून प्रस्ताव आणला. त्यात हिंदुस्थानला चार. दादाभाई निवडून गेले १८९२ मध्ये, म्हणजे हे साठ वर्षं आधीचं.

शिलेदार

उंबरठा, ताई, पण ते चार जण निवडणार कोण होतं? कलकत्त्याचे इंग्रज व्यापारी आणि कंपनीचे साहेब. वेस्ट इंडीजच्या जागा तर मळेवाल्यांच्या. आणि ह्यूमचा मेहुणा विल्यम बर्नली हा त्रिनिदादमधला सर्वात मोठा गुलाम-मालक होता, हेही ध्यानात असू द्या. सातारचा शेतकरी त्या चारांत कुठे बसतो ते दाखवा.

उंबरठा

बसत नाही, मान्य. ठराव मतालासुद्धा न जाता पडला. पण हिंदुस्थानाबद्दलचे निर्णय जिथे होतात तिथे हिंदुस्थानच्या नावाची खुर्ची हवी, हे त्या सभागृहात उभं राहून बोलायला कुणीतरी लागतंच. त्या खुर्चीवर कोण बसेल ही पुढची लढाई. ती त्याच्या मुलाने, तेव्हा दोनच वर्षांच्या असलेल्या ॲलनने, पुढे अर्धीमुर्धी का होईना लढली.

गिरणगाव

काका, तुम्ही मूळ एकच म्हणालात ते मला पटलं, म्हणून त्रास जास्त झाला. तो दुष्ट असता तर सोपं होतं. सैन्यात चाबकाचे फटके बंद करा म्हणून वर्षानुवर्षं ओरडला, कर्जापायी तुरुंगात टाकू नका म्हणाला. शिपायाच्या पाठीवरचा वळ त्याला दिसला. सूत तुटलं की यंत्राखाली सरपटत जाणारं पोर दिसलं नाही. मी त्याला सुधारक म्हणेन, कैवारी म्हणणार नाही.

रोजमेळ

कैवारी हा शब्द मी मागे घेतो. शीर्षक तसंच ठेवतोय, कारण चर्चा त्यावर झाली.

१८२४ वर मात्र माझं म्हणणं कायम. कायदा गेल्यावर संपांची लाट आली, मालक घाबरले, १८२५ मध्ये दुसरा कायदा आणून धाकदपटशा, अडवणूक वगैरे नावांखाली पुन्हा शिक्षा घातल्या. तेव्हाही समितीत बसून ह्यूम भांडला. बरंच गेलं, पण मजुरी आणि कामाचे तास यांसाठी एकत्र जमणं गुन्हा नाही, एवढं कलम टिकलं. तुमचे लोखंडे १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवत होते, तेव्हा तिकडे ते कलम साठ वर्षांचं झालं होतं.