माळकरी मित्राला डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला कसं बसवू?

महालचा डीएम:
राजेहो, आम्ही चौघं दर रविवारी माझ्या घरी हा खेळ खेळतो. टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, अन् बोलत, फासे टाकत गोष्ट रचायची. गोष्ट चालवणारा डीएम मी. शेजारचा मित्र आता यायचं म्हणून राहिला. घर पिढीजात वारकरी, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकत नाही. परवा नुसता पाहायला बसला होता. एकाच्या वॉरलॉकनं, म्हणजे करार करून जादू मिळवणाऱ्या पात्रानं, शक्तीसाठी पिशाच्चाशी करार केला, तसा याचा हात माळेवर गेला. वीस बाजूंचा फासा हातात दिला तर म्हणाला, "आई म्हणेल, जुगार शिकून राहिला." गोष्ट सांगायला बसला की ऐकत राहावं असा माणूस आहे. त्याला दुखवायचं नाही, आणि काही लपवून बसवणंही मला पटत नाही. काय करू?

जुना खेळाडू:
त्याची भीती हसण्यावारी नेऊ नको. खेळ १९७४चा. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या धार्मिक घरांतही हीच भीती होती, इतकी की १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतून डेमन आणि डेव्हिल ही नावंच काढली. १९८०च्या एका पुस्तकात तर आपल्या देवांचेही हिट पॉइंट, म्हणजे कोण किती मार सोसेल ते आकडे, छापले होते. ज्याच्यापुढे माणूस रोज हात जोडतो त्याला आकड्यांत बसवणं मला आजही चूक वाटतं. तुझ्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे रविवारी पुढं नेता त्या गोष्टीत, खरा देव एकही नको, कोणत्याच धर्माचा.

बर्डीवाली:
माझे बाबा कीर्तन करतात. भारुडात घोंगडी पांघरून भुत्या होतात, जोशी होतात, वासुदेव होतात. त्यांच्या भक्तीला कधी धक्का लागला नाही. त्याला "रोलप्ले" म्हणून समजावू नको, "सोंग" म्हण, लगेच कळेल. पण भारूड शेवटी देवाकडे वळतं, आपला खेळ वळत नाही, हा फरक तो काढेलच. तेव्हा तूच आधी सांग. पहिल्या सेशनआधी एक संध्याकाळ फक्त बोलायला ठेवा. टेबलावर एक्स लिहिलेलं कार्डही ठेवा. कुणी त्याला हात लावला की प्रसंग तिथंच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

महालचा डीएम:
दोघांचेही आभार. शनिवारी त्याच्या घरी फासे घेऊनच गेलो. काकू भाजी निवडत होत्या. हात पदराला पुसून त्यांनी वीसवाला फासा घेतला, उजेडात फिरवून पाहिला. "पैसे लावता का?" "नाही काकू." "मंग खेळा. एकादशीले नको." सेशनच्या तारखा मी पंचांग पाहून बदलल्या.

कार्डाला त्यानं एकदाच हात लावला, मुडदे उठवायच्या प्रसंगाला. आम्ही पुढं गेलो. त्याचं पात्र नावाडी आहे. वॉरलॉकचा करार काढायला मीच तयार होतो, तर तोच नको म्हणाला. आता नावाडी त्या वॉरलॉकला करारातून सोडवायला निघाला आहे. माझी लिहिलेली सगळी गोष्ट बाजूला पडली, अन् चौघंही रविवारची वाट पाहून राहिले.