लांबच्या प्रवासासाठी भरवशाचा जीपीएस: वेगळं यंत्र की मोबाइल?

रस्तोरस्ती: वापर असा आहे: दिवसाला ४००-५०० किलोमीटर, त्यात बराच डोंगराळ आणि नेटवर्क नसलेला भाग. वेगळा नेव्हिगेटर घ्यायचा विचार आहे. जाहिरातींत किती उपग्रह पकडतो आणि पडदा किती इंची यावरच भर दिसतो. भरवसा नक्की कशावरून ओळखायचा? ऑफलाइन नकाशे टाकलेला मोबाइल पुरेल का? आणि ‘लाइफटाइम मॅप्स’चा अर्थ काय घ्यायचा?

दिशादर्शक: उपग्रहांची चिंता सगळ्यात शेवटी करा. जागा ठरवायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात. खोल दरीत आभाळाचा अरुंद पट्टाच दिसतो, म्हणून जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ अशी आणखी एखादी प्रणाली पकडणारं यंत्र घ्यावं. उंच इमारतींवरून, कड्यांवरून परावर्तित होऊन आलेला सिग्नल जागा चुकवतो. तिथे एल१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) आणि एल५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) असे सिग्नलचे दोन्ही फ्रिक्वेन्सी पट्टे वापरणारा रिसीव्हर सरस ठरतो. पण गाडीत पाच-सात मीटरच्या चुकीने फारसं बिघडत नाही, कारण यंत्र तुम्हाला जवळच्या रस्त्यावर चिकटवून घेतं. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता, किंवा हमरस्ता आणि त्याला लागून जाणारा सर्व्हिस रोड, एवढ्याच ठिकाणी गोंधळ होतो. तिथे यंत्रापेक्षा पाटीवर विश्वास ठेवा.

प्रवासात यंत्र दगा देतं ते बहुतेक वेळा वीज, बैठक (यंत्र धरून ठेवणारा स्टँड) आणि उष्णता या तीन कारणांनी. गाडीत लावायच्या यंत्रांची बॅटरी साधारण एक ते तीन तासच टिकते, ती फक्त आधाराला असते असं समजा. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये सैल बसणारा चार्जर खड्ड्यागणिक तुटत-जुळत राहतो आणि यंत्र पुन्हा पुन्हा ‘बाहेरची वीज गेली, बंद होतोय’ असं सांगत बसतं. यंत्राबरोबर आलेलीच केबल वापरा. काही यंत्रांना साधी डेटा केबल लावली की ती संगणकाला जोडल्यासारखी वागतात आणि नकाशा दिसेनासा होतो. कायमची जोडणी करायची असेल तर चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवरून घ्या आणि मध्ये फ्यूज टाका, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरेल.

सक्शन कप, म्हणजे बैठकीचा काचेला चिकटणारा रबरी कप, पडतो तो बहुधा काचेवरच्या तेलकट थरामुळे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच दाबून बसवा. उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो, तर लिथियम बॅटरी चार्ज करण्याची सुरक्षित मर्यादा साधारण ४५ अंश असते. म्हणून गाडी उभी करताना यंत्र काढून सावलीत ठेवा. ही सवय बॅटरीचं आयुष्य खरोखर वाढवते.

गाडीच्या पुढच्या काचेत उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असेल तर सिग्नल अडतो. यंत्राचं उपग्रह दाखवणारं पान उघडा. आधी काचेमागे, मग बॉनेटवर ठेवून सिग्नलचे खांब पाहा. फरक मोठा असेल तर आरशाजवळच्या थर नसलेल्या पट्ट्यात बसवा किंवा बाहेरचा अँटेना जोडता येईल असं मॉडेल निवडा.

नकाशेवाचक: ‘लाइफटाइम’ म्हणजे तुमचं आयुष्य नव्हे. कंपनी त्या मॉडेलला आधार देते तोवरचा काळ, एवढाच अर्थ. त्यामुळे बाजारात नव्याने आलेलं मॉडेल घेतलेलं बरं. अंतर्गत जागाही तपासा. पुढच्या नकाशांचा आकार वाढला की ते मावत नाहीत, तेव्हा मायक्रोएसडी कार्डाची खाच असलीच पाहिजे. अपडेटला काही तास लागू शकतात. निघण्याच्या आठवडाभर आधी, यंत्र चार्जिंगला लावून करा. मध्येच वीज गेली तर नकाशाची फाइल अर्धवट राहते.

जुनं यंत्र विकत घेत असाल तर ते दाखवत असलेली तारीख आवर्जून पाहा. जीपीएसचा आठवड्यांचा जुना मोजणी आकडा १० बिटांचा आहे. १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो, शेवटचा आला ६ एप्रिल २०१९च्या रात्री. फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत नसेल तर तारीख जवळपास वीस वर्षं मागची दिसू शकते. अशा यंत्राचा आधार संपलेला असण्याची शक्यता मोठी, ते सोडून द्या.

चढउतार: मोबाइलबद्दल. ऑफलाइन नकाशे असले तर तो उत्तम चालतो. उपग्रहांचा सिग्नल घ्यायला नेटवर्क लागत नाही. फरक पडतो तो पहिल्या वेळी जागा सापडायला. नेटवर्क असताना उपग्रहांच्या कक्षांची माहिती मोबाइल इंटरनेटवरून झटकन घेतो. नसेल तर ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते: एका उपग्रहाच्या कक्षेची माहिती ३० सेकंदांच्या फेऱ्यात येते आणि सर्व उपग्रहांचं पंचांग, म्हणजे त्यांच्या कक्षांची ढोबळ यादी, उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून सकाळी निघण्याआधी मोकळ्या आभाळाखाली दोन-तीन मिनिटं थांबा. चालत्या गाडीत हेच काम रखडतं.

ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड ही दोन्ही ॲप ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे वापरतात आणि रस्ता मोबाइलवरच काढतात. गूगल मॅप्सच्या ऑफलाइन भागाला मुदत असते आणि त्यात वाहतुकीची ताजी माहिती मिळत नाही. काहीही निवडा, पण निघण्याआधी विमान मोड लावून एक पूर्ण रस्ता काढून पाहा. टॅबलेट वापरणार असाल तर जपून: फक्त वायफाय असलेल्या बऱ्याच टॅबलेटमध्ये जीपीएस रिसीव्हरच नसतो.

उन्हात चार्जिंग, पूर्ण उजेडाचा पडदा आणि नेव्हिगेशन एकदम चालू असलं की मोबाइल तापून पडदा मंद करतो किंवा चार्जिंग थांबवतो. एसीच्या झोतासमोर बसवलात तर हा त्रास बराच कमी होतो. माझ्या मते तुमच्या वापराला वेगळं यंत्र मुख्य आणि मोबाइल राखीव, हे बरोबर. मात्र दोघांना वेगवेगळ्या चार्जरवर ठेवा.

रस्तोरस्ती: आभार. आधी आखलेला रस्ता यंत्रात टाकला की ते स्वतःचाच रस्ता काढतं, असं बऱ्याच जणांकडून ऐकलंय. हे कशामुळे होतं?

दिशादर्शक: आखलेला रस्ता ज्या जीपीएक्स फाइलमधून यंत्रात टाकतात, तिच्यात ‘रूट’ आणि ‘ट्रॅक’ या वेगळ्या गोष्टी असतात. रूटमध्ये मोजके बिंदू असतात आणि त्यांमधला रस्ता यंत्र आपल्या नकाशावरून नव्याने काढतं. तुमच्या संगणकावरचा नकाशा वेगळा असेल तर रस्ताही वेगळा येणार. ट्रॅक म्हणजे जवळजवळच्या शेकडो बिंदूंची रेघ, ती जशीच्या तशी राहते. दोन्ही टाका, ट्रॅक ठळक रंगात दाखवा आणि रूट त्यावरून चालतोय का ते पाहा. वळणाच्या चौकातच बिंदू ठेवू नका, चौकाच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध ठेवा. चुकून बाजूच्या गल्लीत पडलेला एक बिंदू यंत्राला ‘मागे वळा’ म्हणायला लावतो.

सेटिंगमध्ये ‘सर्वात कमी अंतर’ कधीही ठेवू नका, ‘सर्वात जलद’ ठेवा, आणि ‘कच्चे रस्ते टाळा’ चालू करा. अक्षांश-रेखांश हाताने भरताना त्यांची पद्धत जुळवा: ४५.३० अंश आणि ४५ अंश ३० मिनिटं यांत ०.२ अंशांचा फरक आहे, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे २२ किलोमीटर.