बहिणीच्या मोबाइलवर गुपचूप पाळत ठेवली जात आहे का, हे खात्रीने कसे ओळखावे?

प्रश्न : शरयू (नाशिक)

माझी धाकटी बहीण सासरी, जळगाव जिल्ह्यात राहते. ती आईशी किंवा माझ्याशी फोनवर जे बोलते, त्यातले नेमके शब्द तिचे यजमान दुसऱ्या दिवशी तिला ऐकवतात. ती बँकेत किंवा मैत्रिणीकडे किती वेळ होती, हेही त्यांना न सांगता ठाऊक असते. फोन अँड्रॉइडचा असून तो त्यांनीच घेऊन दिला आहे आणि त्यातील गूगल खातेही त्यांनीच उघडून दिले आहे. अलीकडे तो फार तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. वर्तमानपत्रांत पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबद्दल वाचले होते, त्यातलाच हा प्रकार असू शकेल का? तसे काही सापडल्यास ते काढून कसे टाकावे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : अभिजित

फार शोधाशोध करण्याची गरज नाही. फोटो आणि संपर्क क्रमांक दुसरीकडे उतरवून घ्यावेत आणि फोन फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे सर्व पुसून नव्यासारखा कोरा करावा. अशी बहुतेक ॲप्स त्यात पुसली जातात.

उत्तर : सुहास, मोबाइल दुरुस्ती (कोल्हापूर)

रीसेटने ॲप जाईल हे खरे, पण त्यानंतर त्याच गूगल खात्याने फोन सुरू केला तर मूळ दुखणे तसेच राहील.

पेगॅससची शंका आधी बाजूला ठेवू या. ही प्रणाली आपण केवळ सरकारी यंत्रणांना विकतो, असे तिची निर्माती असलेली इस्रायलची एनएसओ ही कंपनी सांगते, आणि ती पत्रकार, वकील, कार्यकर्ते व राजकारणी यांच्याविरुद्ध वापरल्याचे आरोप आपल्याकडे २०१९ आणि २०२१ मध्ये गाजले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, त्यांपैकी ५ फोनमध्ये कसले तरी घातक सॉफ्टवेअर आढळले, परंतु ते पेगॅससच होते असे ठामपणे म्हणता येत नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. आपल्या बहिणीच्या घरी एवढ्या खटाटोपाची कोणालाच गरज नाही. पाच-दहा मिनिटे फोन हातात मिळणे आणि स्क्रीन लॉकचा पिन ठाऊक असणे पुरेसे आहे.

दुकानात येणाऱ्या अशा तक्रारींत बहुतेक वेळा वेगळे ॲप नसतेच. खाते यजमानांनी उघडले आहे म्हणजे पासवर्ड त्यांच्याकडे आहे, आणि त्याच खात्याने दुसऱ्या फोनवरून फोटो, बॅकअप आणि ‘फाइंड’ सुविधेतून फोनचे ठिकाण पाहता येते. गूगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग एकदा चालू करून ठेवले की वेगळे काही करावे लागत नाही. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून पाहावे. एकदा क्यूआर कोड स्कॅन केला की तिचे संदेश दुसऱ्या संगणकावर दिसू लागतात, आणि तिचा फोन बंद असला तरी काही दिवस दिसत राहतात.

मात्र आपण लिहिले आहे की बोलण्यातले नेमके शब्द ऐकवले जातात. ते या वाटांनी कळत नाहीत. त्यासाठी कॉल ध्वनिमुद्रित करणारे काहीतरी लागते, किंवा (हे लिहिणे बरे वाटत नाही, पण) शेजारच्या खोलीत कोणीतरी ऐकत असते. ॲप असल्यास त्याचे चिन्ह स्क्रीनवर सहसा दिसत नाही. सेटिंग्जमधील सर्व ॲप्सच्या यादीत ते ‘सिस्टिम सर्व्हिस’, ‘सिंक’ अशा साळसूद नावाने बसलेले असते आणि सामान्य माणूस त्याला हात लावायला धजत नाही. म्हणून नावांपेक्षा परवानग्या पाहाव्यात. ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये डाउनलोड केलेल्या ॲप्सचा एक भाग असतो, दृष्टी किंवा श्रवणाची अडचण नसलेल्या माणसाच्या फोनमध्ये तो बहुधा रिकामा असतो, आणि तेथे अनोळखी नाव चालू दिसले तर ते दुर्लक्ष करण्याजोगे नव्हे, कारण ही एक परवानगी मिळाली की स्क्रीनवर जे जे दिसते ते ॲपला वाचता येते. त्याच पद्धतीने ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’ आणि ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ पाहावे. याहून बोलकी खूण म्हणजे प्ले स्टोअरमधील ‘प्ले प्रोटेक्ट’ ही घातक ॲप्स शोधणारी सुविधा बंद असणे. ही ॲप्स सहसा प्ले स्टोअरबाहेरून आणावी लागतात आणि बसवणारा प्ले प्रोटेक्ट आधी बंद करतो. त्याच कारणाने ‘अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करणे’ ही परवानगी क्रोम किंवा फाइल मॅनेजरला दिलेली आढळते. अँड्रॉइड १२ पासून माइक किंवा कॅमेरा वापरात असताना वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण उमटते. फोन नुसता पडलेला असताना ती दिसली तर लक्ष द्यावे. तापणे आणि बॅटरी उतरणे मात्र पुरावा नव्हे. जुनी बॅटरी आणि उन्हाळा एवढ्यानेही तसे होते.

उत्तर : सुनंदा, समुपदेशक (पुणे)

सुहास यांनी सांगितलेली तपासणी योग्य आहे, परंतु ती कधी आणि कोणत्या फोनवर करावी, हा प्रश्न त्याआधीचा आहे. अभिजित यांचा सल्ला तर अशा घरात धोक्याचा ठरू शकतो. ॲप काढल्याक्षणी किंवा फोन पुसल्याक्षणी पलीकडे माहिती येणे थांबते आणि पाळत ठेवणाऱ्याला लगेच कळते की बायकोला सुगावा लागला आहे. आमच्याकडे येणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत मारहाण किंवा घराबाहेर काढणे याचा धोका नेमक्या याच टप्प्यावर वाढलेला दिसतो. म्हणून ती त्या दिवशी कोठे राहील, सोबत कोण असेल, कागदपत्रे आणि पैसे कोठे आहेत, हे ठरेपर्यंत त्या फोनमधील काहीही बदलू नये, आणि तिच्याशी या विषयावर त्या फोनवर बोलूही नये. हा धागासुद्धा तिने त्या फोनवर उघडू नये. शेजारणीच्या किंवा आईच्या फोनवरून बोलावे. रोजच्या साध्या गप्पा मात्र जुन्याच फोनवर चालू ठेवाव्यात, कारण अचानक शांतता पसरली तरी संशय येतो.

तपासणी करताना जे सापडेल त्याचे छायाचित्र दुसऱ्या फोनने, तारीख-वेळ दिसेल असे काढावे. त्याच फोनवर स्क्रीनशॉट घेतला तर तो सामायिक खात्यातून यजमानांपर्यंत पोहोचू शकतो. महिला हेल्पलाइन १८१ आहे. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारात चालणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत (पहिला १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईत सुरू केला); तेथे तक्रार न नोंदवताही सल्ला मिळतो. थेट पोलीस ठाण्यात जाण्याचे दडपण असेल, तर सुरुवात तेथून करावी.

उत्तर : ॲड. वैभव (छत्रपती संभाजीनगर)

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पुरुषाने स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणे हा ‘पाठलाग’ या गुन्ह्यात मोडतो. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या फोनमधून माहिती काढून घेणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ खाली येते. पतीने फोन विकत घेऊन दिला, हा बचाव आमच्याकडे नेहमी ऐकू येतो. पण फोनचे पैसे कोणी दिले यावरून बायकोचे खासगी बोलणे ऐकण्याचा हक्क मिळत नाही. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खाली संरक्षण आदेशही मागता येतो.

एक गोष्ट माहीत असलेली बरी. पती-पत्नींमधील गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. त्याचा अर्थ पाळत ठेवण्याला मोकळीक मिळाली असा काढणे चुकीचे आहे. पुरावा ग्राह्य असणे आणि तो मिळवण्याची रीत कायदेशीर असणे या दोन निराळ्या बाबी आहेत. आपल्या बाजूने विचार केला तर मूळ फोन हाच खरा पुरावा आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यामुळे तक्रार करायची असेल तर फोन रीसेट न करता सायबर पोलिसांकडे द्यावा आणि त्याचा पंचनामा करून घ्यावा.

शरयू (नाशिक)

सर्वांची आभारी आहे. बहिणीशी आईच्या फोनवरून बोलले; ती पुढच्या आठवड्यात माहेरपणाला येणार आहे. तोपर्यंत फोनला हात लावणार नाही. एक शंका राहिली : तिचे सिमकार्डही यजमानांच्याच नावावर आहे. नवा फोन घेतला आणि सिम तेच ठेवले तर चालेल का?

उत्तर : सुहास, मोबाइल दुरुस्ती (कोल्हापूर)

चालणार नाही. सिम ज्याच्या नावावर आहे तो ओळखपत्र दाखवून दुसरे सिम काढू शकतो आणि तसे झाले की तिचे बँकेचे व व्हॉट्सॲपचे ओटीपी त्याच्याकडे जातात. तिच्या स्वतःच्या आधारवर नवे सिम घ्यावे. नव्या फोनमध्ये नवे गूगल खाते उघडावे, रिकव्हरीसाठी आपला किंवा आईचा क्रमांक द्यावा, आणि जुन्या खात्याचा बॅकअप त्यात उतरवू नये. संपर्क क्रमांक हाताने भरावेत, थोडा वेळ लागेल एवढेच. बँकेत आणि आधारला जोडलेला क्रमांक त्यानंतर बदलावा. आधारचा क्रमांक नोंदणी केंद्रात बदलून घेता येतो आणि त्यासाठी तिने स्वतः हजर असावे लागते, तेव्हा माहेरी असतानाच नाशिकमध्ये ते काम उरकून घ्यावे.