वडाच्या खोडाला दोऱ्याची खाच पडलीय, आणि पानंही लहान होत नाहीत

गॅलरीवाली_नौपाडा
नमस्कार. चार वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं तेव्हा कठड्याच्या भेगेत उगवलेलं वडाचं रोप कामगार उपटून फेकत होता. ते मी मागून घेतलं. पुढच्याच वर्षी हौसेने दोन इंच खोलीच्या बोन्साय ट्रेमध्ये लावलं. खोड अजून अंगठ्याएवढंच आहे, पानं मात्र तळहाताएवढी. सासूबाई म्हणतात, पत्रावळी लावायला घे.

खरी अडचण वेगळीच आहे. यंदा वटपौर्णिमेला मजल्यावरच्या बायका म्हणाल्या, बाजारातून तोडलेली फांदी कशाला आणायची, तुमच्याकडे जिवंत वड आहे की! आल्या सगळ्या. हळदकुंकू, दूध, आंबे, सगळं झालं. गॅलरीत फेरे घालायला जागा नाही, म्हणून एकीने स्टुलावरचा ट्रेच सात वेळा फिरवला. दोरा गुंडाळला तो सुती नव्हता, नायलॉनमिश्रित होता. पानांआड राहून गेला आणि दसऱ्याला गॅलरी धुताना दिसला. कापून काढला तर खोडाला गोल खाच, आणि खाचेच्या वर सूज आल्यासारखा फुगवटा. झाड वाचेल का?

खारघरकर
ताई, वडाला तेवढ्याने काही होत नाही. भिंत फोडून येणारं झाड आहे ते.
पानं सगळी खुडून टाका, नवी येतात ती लहान येतात.

फिटरकाका_नेरूळ
थांबा ताई, आत्ता एकही पान खुडू नका. खारघरकर, उपाय बरोबर आहे पण वेळ चुकीची. पानं खुडायची ती मे अखेर ते जून, आणि तीही झाड दणकट असेल तर. देठ ठेवून फक्त पातं कापायचं. आता थंडीच्या तोंडावर खुडलीत तर अशक्त रोप उघडं बोडकं बसून राहील.

आधी खाचेचं. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे उतरतं. दोऱ्याने साल आवळली, अन्न अडलं आणि वर साचलं. तोच तुमचा फुगवटा. पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, ते चालू राहिलं, म्हणून पानं हिरवी आहेत. हेच आमच्या तारेने होतं. मी टीटीसी औद्योगिक वसाहतीत फिटर होतो, घरी भंगारातल्या केबलची तांब्याची तार सोलून गॅसवर लाल करतो, मऊ पडते. फांदीला वळण द्यायला फार सुरेख. पण आपल्याकडच्या पावसात वडा-पिंपळाची फांदी इतकी भराभर जाड होते की पंधरा दिवस लक्ष दिलं नाही तर तार सालीत रुतलीच. माझ्या उंबराच्या फांदीवर मळसूत्र उमटलंय, तेही माझ्याच हातचं.

आता गंमत ऐका. साल आवळून किंवा काढून, वर ओलं शेवाळ बांधून मुळं फोडणं, यालाच आपण गुटी म्हणतो. म्हणजे तुमच्या शेजारणींनी नकळत अर्धी गुटी बांधून ठेवलीय! उरलेली अर्धी पुढच्या पावसात तुम्ही बांधा. फुगवट्याभोवती ओलं शेवाळ, वर प्लास्टिक. मुळं फुटली की रसाचा स्ट्रॉ उभा चिरून, त्यात ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून एकेक मूळ मातीपर्यंत उतरवा. वर्षा-दोन वर्षांत खाच पारंब्यांच्या आड जाईल. वडाला पारंबी शोभते, कोणाला संशयही येणार नाही.

आता जरा कडू बोलतो. ट्रेमध्ये घालायची घाई झाली. ट्रे म्हणजे झाडाचं निवृत्तीनंतरचं घर. खोड जाड व्हायचं ते आधी. जूनमध्ये त्याला रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत हलवा, तळाला भरपूर भोकं पाडा. माती नुसती लाल नको, पावसात चिखल होऊन मुळं कुजतात. दोन भाग विटांचे मसुराएवढे तुकडे, धूळ चाळून काढलेली, आणि एक भाग पालापाचोळ्याचं खत. जपानची अकादामा नावाची बोन्सायची माती मागवायच्या फंदात पडू नका. खालची एक फांदी दोन-तीन वर्षं मोकाट वाढू द्या, तिच्या जोरावर बुंधा भरतो. मग ती कापून टाकायची. आणि ऊन हवं, सावलीत पान मोठंच होणार. तरी वडाचं पान नखाएवढं कधीच होत नाही, त्यामुळे झाड दोन-अडीच फुटांचं ठेवाल तरच नजरेला पटेल. छोटंच हवं असेल तर नांदरुक घ्या, वडाच्याच जातकुळीतलं, पण लहान पानांचं.

गॅलरीवाली_नौपाडा
काका, म्हणजे चार वर्षं फुकट?

फिटरकाका_नेरूळ
वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानात यामाकी या जपानी घराण्याचा एक पाइन बोन्साय आहे. 1625 पासून त्याच्यावर हात फिरतोय. 1945 मध्ये हिरोशिमात बॉम्ब पडला तेव्हा त्यांच्या नर्सरीच्या भिंतीआड होता, वाचला. 1976 मध्ये जपानकडून अमेरिकेला भेट म्हणून गेला. चार वर्षांचं काय घेऊन बसलात!

मी तर पैसेसुद्धा घालवलेत. घोडबंदर रोडच्या एका नर्सरीवाल्याने 'आपल्या हवेला चालतो' म्हणून ज्युनिपर, म्हणजे थंड मुलखातला सुयांसारख्या पानांचा वृक्ष, गळ्यात मारला. त्याला खरी थंडी लागते, ती नेरूळला कुठून आणू? बरं, तो मेला तरी दोन महिने हिरवाच दिसतो. मी रोज प्रेताला पाणी घालत होतो.

शांत_ऐरोली
मुळात एवढ्या मोठ्या वृक्षाला बुटका करणं हा छळ नाही का? वास्तूलाही चांगलं नाही म्हणतात.

फिटरकाका_नेरूळ
वास्तूचं मला कळत नाही. छळाचं म्हणाल तर ते रोप डेब्रिजच्या गोणीत चाललं होतं. ताईंनी उचललं.

गॅलरीवाली_नौपाडा
बादली आजच धुऊन ठेवली. पण जूनमध्ये बायका परत येणार. नाही म्हणवत नाही हो. रंगाच्या बादलीतला वड चालेल का त्यांना?

फिटरकाका_नेरूळ
बादलीला गेरू फासा. दोरा बांधायचा तो बादलीला, आणि दूध बशीत. मातीत गेलं की मुंग्या होतात.