सिस्टर, तिकडे तुम्ही नक्की काय करता?

बी-६०१ (सेक्रेटरी), रात्री ८.१२
सर्वांना नमस्कार. ए विंगच्या दुसऱ्या मजल्यावर अजून एकाला डेंग्यू निघालाय. गणपतीपासून आपल्या बिल्डिंगमधला हा तिसरा पेशंट. महापालिकेची माणसं एक-दोन दिवसांत गच्ची बघायला येतील. मंडपासाठी आणलेली पाण्याची पिंपं अजून वरच आहेत. उद्या सकाळी दोन-तीन जण हवेत.

ए-१०४, ८.१५
मी मुलाला पाठवते. सिस्टर इथे असत्या तर आत्तापर्यंत सगळ्यांना गच्चीवर नेलं असतं. सिस्टर, आहात का ग्रुपवर? तिकडे किती वाजले?

ए-३०३ (सिस्टर), ८.२१
आहे हो वहिनी. इथे कंबोडियात घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे पावणेदहा-दहा.
भाऊ, पिंपं नुसती उपडी करू नका. आतून घासणीने खसाखसा घासून घ्या. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ कडेला चिकटलेली असतात, पिंप कोरडं पडलं तरी महिनोन्महिने टिकतात. परत पाणी भरलं की त्यातूनच अळ्या निघतात. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा तरी सगळं रिकामं करून कोरडं करायचं. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजच्या मागचा ट्रेसुद्धा. आणि हा डास दिवसा चावतो, तेव्हा मुलांना शाळेत पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

बी-३०२, ८.२६
मावशी, कंबोडियातही डेंग्यू आहे का? आई म्हणाली तुम्ही तिथल्या लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर आहात. दिवाळीच्या सुट्टीत मला दोन आठवडे तिकडे यायचंय. दिवसभर नक्की काय काम असतं?

ए-३०३ (सिस्टर), ८.४४
बाळा, आहे तर. पावसाळ्यात इथेही वॉर्ड डेंग्यूच्या मुलांनी भरतो, अगदी आपल्यासारखाच. मे ते ऑक्टोबर पाऊस, घरोघरी पाणी साठवायचे मोठे रांजण, आणि त्यात डास.
मी सिएम रीपला लेकीकडे आलेय हे सगळ्यांना माहीत आहे. ती आणि जावई दिवसभर कामावर. मी आठवड्यातून चार दिवस, सकाळी आठ ते एक जाते. कुठल्या रुग्णालयात ते ग्रुपवर लिहीत नाही, कारण मुलांबद्दल सांगणार आहे. फोटोही मागू नका, तिथे मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि ते बरोबरच आहे.
सुरू होण्याआधी पोलिसांचा दाखला, लसींची नोंद आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मुलाबरोबर एकटं राहायचं नाही, नर्स दिसेल अशाच जागी बसायचं. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवायचे. पहिल्या दिवशी बांगड्या उतरवताना मला जरा जड गेलं, लपवत नाही.
मग खेळण्यांची टोपली. प्रत्येक ठोकळा, प्रत्येक गाडी जंतुनाशकाने पुसायची, वाळवायची, तेव्हाच पुढच्या खाटेवर. रोज तासभर यातच जातो. त्यानंतर खाटेखाटेवर जाऊन कुणाला रंगवायला कागद, कुणाशी ठोकळे, कुणाजवळ नुसतं बसणं.
सलाईनला, औषधाला, कशालाही हात लावायचा नाही. मी ३४ वर्षं मुलांच्या वॉर्डात नोकरी केली. सुईच्या जागी हात सुजलेला मला दारातून दिसतो. पण इथे माझ्याकडे नोंदणी नाही, म्हणून मी नर्सला बोलावते आणि बाजूला होते. पहिले पंधरा दिवस माझे हात शिवशिवायचे. आता समजलंय की ते काम त्यांचं आहे आणि ते त्यात तरबेज आहेत.

ए-१०४, ८.४७
भाषेचं कसं करता?

ए-३०३ (सिस्टर), ८.५८
वहिनी, शे-दीडशे शब्द जमवलेत. 'छू ते?' म्हणजे दुखतंय का. 'ऑकुन' म्हणजे आभार. एक ते पाच अंक: मुय, पी, बेई, बुऑन, प्राम. ठोकळे मोजायला तेवढे पुरतात. मुलं मला 'यिय' म्हणतात, म्हणजे आजी. आणि हात जोडून नमस्कार, तो तर आपलाच.
एक सवय मात्र मोडावी लागली. आपण कौतुकाने मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो ना, इथे डोकं पवित्र मानतात, परक्याने हात लावायचा नाही. माझा हात अजून निम्म्यावर जातो आणि मागे येतो. मग मी पाठीवर ठेवते.

ए-५०२ (सर), ९.०३
बाई, तुम्ही ज्या गावात आहात तिथली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंकोर या तिथल्या जुन्या राजधानीचा राजा जयवर्मन सातवा याने बाराव्या शतकाच्या अखेरीस राज्यभर दवाखाने उभारले. ता प्रोह्म मंदिरातल्या ११८६ च्या संस्कृत शिलालेखात त्यांची संख्या १०२ दिली आहे, आणि शब्द आहे 'आरोग्यशाला'. या दवाखान्यांच्या शिलालेखांत म्हटलंय की, प्रजेचं दुखणं हेच राजाचं दुखणं, त्याचं स्वतःचं दुखणं नव्हे. वर्गात शिकवताना हा भाग आला की मी नेहमी थांबायचो.

ए-३०३ (सिस्टर), ९.०९
सर, त्याच राजाचं नाव इथल्या मोठ्या बालरुग्णालयाला आहे! अंकोरच्या रस्त्यावरच. ते बीट रिश्नर नावाच्या स्विस डॉक्टरांनी १९९९ मध्ये सुरू केलं. त्यांच्या रुग्णालयांत मुलांवर मोफत उपचार होतात. ते दर शनिवारी संध्याकाळी सेलो (मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य) वाजवायचे, ऐकायला आलेल्या परदेशी पाहुण्यांकडे मुलांसाठी पैसे आणि रक्त मागायचे. २०१८ मध्ये ते गेले. १९९९ लाच केन्रो इझू या जपानी छायाचित्रकाराच्या पुढाकाराने इथे दुसरं बालरुग्णालयही उघडलं. ते अंकोरची देवळं टिपायला आले होते.
आणि सर, हॉस्पिटलला इथे 'मोंती पेत' म्हणतात. म्हणजे मंदिर आणि वैद्य. लेकीच्या शेजारणीने लिहून फोड करून दाखवली तेव्हा मला भरून आलं.

ए-५०२ (सर), ९.११
वैद्यमंदिर. वा, बाई.

बी-४०५, ९.१६
राग मानू नका सिस्टर, पण मनात आलं ते विचारतो. इथे परळला आपल्या दारात टाटा आहे, वाडिया आहे, केईएम आहे. फूटपाथवर पेशंटची माणसं दिवस काढतात. सेवा करायला परदेशातच का जावं लागतं?

ए-३०३ (सिस्टर), ९.३७
राग नाही हो. हा प्रश्न मला स्वतःला रोज पडतो. मी सेवेसाठी परदेशात आले नाही, लेकीसाठी आले आणि सकाळ रिकामी होती म्हणून गेले, हे खरं कारण.
पण तिथे गेल्यावर एक गोष्ट दिसली, ती आज लिहून टाकते. ३४ वर्षं मी आपल्याकडच्या एका सरकारी रुग्णालयात ड्युटी केली. राउंड आला की आयांना बाहेर काढायचं काम माझं. 'चला, बाहेर व्हा, गर्दी करू नका.' एका वॉर्डात खाटांपेक्षा मुलं जास्त, दोघी नर्स, त्यामुळे आवाज चढायचाच. पण इतक्या वर्षांत एकदाही एखाद्या आईला मी विचारलं नाही, की तू जेवलीस का.
इथे माझं मुख्य काम तेच आहे. खेळणी वगैरे ठीक. खरं काम म्हणजे आईला वीस मिनिटं मोकळं करणं. ती मूल सोडून हलत नाही. शौचालयाला जायचं तरी मागे वळून बघते. मी शेजारी बसते, एक-दोन दिवसांत तिला विश्वास बसतो, मग ती उठते. अंघोळ करून येते, भाताची पेज खाऊन येते. इथे पेजेला 'बॉबॉर' म्हणतात, वर थोडी कांद्याची पात. परत येते तेव्हा तिचा चेहराच वेगळा असतो. खांद्यावरचा चौकड्यांचा पंचा, त्याला 'क्रमा' म्हणतात, तो ओला करून पिळलेला असतो आणि ती मुलाचं तोंड पुसते.
मी परत आले की परळमध्ये हेच करणार. कुठे, कसं, परवानगी कुणाची, ते आल्यावर बघेन. तुम्ही बरोबर याल का?

बी-४०५, ९.४०
येतो. शब्द दिला.

ए-१०४, ९.४२
दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, टाटाचे पेशंट तिथे उतरतात. माझी बहीण पूर्वी तिथे जायची. मी तिच्याकडे चौकशी करते.

बी-२०१, ९.४५
सिस्टर, आमच्या मुलीची खूप टेडी बेअर नुसती पडून आहेत, नव्यासारखी. तुमच्या जावयांबरोबर पाठवू का?

ए-३०३ (सिस्टर), ९.४९
नको ग. मऊ खेळणी पुसता येत नाहीत, त्यात जंतू राहतात, वॉर्डात घेतच नाहीत. धुता येतील असे प्लॅस्टिकचे ठोकळे असतील तर जपून ठेव, परळला लागतील.
आणि बी-३०२, तुझं राहिलंच. बाळा, दोन आठवड्यांसाठी येऊ नकोस. मुलाला तुझी सवय होते आणि तू निघून जातोस. इथे एके काळी पर्यटकांच्या पैशांमुळे अनाथाश्रम वाढले, आणि त्यातल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत असल्याचं पुढे आलं. हौसेने आलेल्या माणसांमुळे मुलं घरापासून लांब ठेवली गेली. तू दर रविवारी दोन तास वर्षभर परळला ये, ते मोठं काम आहे.

बी-३०२, ९.५२
हो मावशी. येईन.

बी-६०१ (सेक्रेटरी), ९.५५
सिस्टर, आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा ताप आज उतरलाय. घरचे खूश आहेत, उद्या शाळेत पाठवतो म्हणतात.

ए-३०३ (सिस्टर), ९.५७
नाही! भाऊ, आत्ताच्या आत्ता त्यांना फोन करा. मी लिहितेय, तोवर करा.

ए-३०३ (सिस्टर), १०.०८
डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जपायचे असतात. रक्तातलं पाणी बारीक रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, तेव्हा मूल आतून कोरडं पडतं. पोट दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, गार हातपाय, लघवी कमी होणं, सुस्ती किंवा उगाच तळमळ, यातलं एक जरी दिसलं तरी थेट हॉस्पिटल. डॉक्टरने सांगितलेल्या पॅरासिटामॉलशिवाय दुसरी गोळी नाही, ब्रुफेन नाही, ॲस्पिरिन नाही.
गेल्या आठवड्यात इथे एक पाच वर्षांचा मुलगा होता. ताप गेला म्हणून त्याची आई तीन दिवसांनी हसली. इथे पितरांचा पंधरवडा चालू आहे, आपल्या पितृपक्षाच्याच दिवसांत. 'प्चुम बेन' म्हणतात, बेन म्हणजे पिंड. पहाटे चारला विहारात जाऊन भाताचे गोळे टाकतात. आजी तिथूनच आली होती, डोळे तांबडे, पदराला भाताची शितं. मी तिला झोपायला लावलं, आईला पेज प्यायला पाठवलं आणि मुलासमोर ठोकळे ठेवले.
आदल्या दिवशी त्याने माझ्याबरोबर पाचाचा मनोरा केला होता. त्या दिवशी त्याने एक ठोकळा हातात घेतला आणि तो तसाच सोडून दिला. मी बोटं धरली, गार. मी नर्सला हाक मारली, एकच शब्द बोलले, 'त्रोचेआक', म्हणजे गार. ती धावत आली, बघितलं, पाच मिनिटांत डॉक्टर खाटेशी. त्याला आत हलवलं. आई वाटी हातात घेऊन दारात उभी. मी तिचा हात धरून उभी राहिले, दुसरं काहीच करू शकत नव्हते.
तिसऱ्या दिवशी तो परत वॉर्डात आला. मनोरा सहाचा केला.

बी-६०१ (सेक्रेटरी), १०.१४
सिस्टर, मी स्वतः वर जाऊन आलो. शाळा नाही, सांगितलंय. पोट दुखतंय म्हणतोय, दुपारपासून लघवीलाही गेला नाही. त्याचे बाबा गाडी काढतायत, आम्ही निघतोय.

ए-३०३ (सिस्टर), १०.१५
निघा. जागी आहे. पोचलात की आधी प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट (रक्त किती दाट झालंय ते) तपासायला सांगा, तोंडी सांगताना ताप कधी उतरला ती वेळ नक्की सांगा. त्याच्या आईने काही खाल्लंय का?

ए-१०४, १०.१६
नाही खाल्लं. मी पोळीभाजी बांधून देते, मागोमाग रिक्षाने जाते.