विष घालून फेरेट वाचणार कसे?
वर कुणीतरी लिहिलंय, प्रेअरी डॉग (अमेरिकेतल्या गवताळ मैदानांत बिळं करून राहणारे, खारीच्या कुळातले प्राणी) गुरांचा चारा फस्त करतात, त्यांना विष घाला. काळ्या पायांचे फेरेट (मुंगसासारखे दिसणारे छोटे शिकारी प्राणी) मात्र वाचवा. दोन्ही एकदम कसं जमायचं? फेरेटचं पोटच प्रेअरी डॉगवर चालतं, राहतातही त्यांच्याच बिळांत. १९८१मध्ये अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या मीटीत्सी गावाजवळ एका रँचवरच्या (गुरं पाळायच्या मोठ्या शेतावरच्या) कुत्र्याने मेलेला फेरेट आणून टाकला, तेव्हा कुठे कळलं की ही जात अजून शिल्लक आहे! प्रेअरी डॉग आणि फेरेट दोघंही प्लेगने मरतात, आणि प्लेग पसरतो पिसवांमुळे, म्हणून हल्ली बिळाबिळांत पिसवा मारायची पूड टाकतात. बिळं लागतात ती फक्त फेरेटला नाही: प्रेअरी डॉगच्या रिकाम्या बिळांत राहणारं एक छोटं घुबड (भलतंच हुशार) दाराशी शेण पसरून ठेवतं आणि वासाने आलेले शेणकिडे मटकावतं. चाऱ्याचं नुकसान होतं हे मान्य, पण मग रँचवाल्यांना भरपाई द्या की.