नवीन पीसी, रोज वेगळी ब्लू स्क्रीन (विंडोज कोसळलं की येते ती निळी). जो तो म्हणतो आमचा पार्ट चांगला. मी नक्की काय तपासू?

वाशिष्ठीकाठ:

नमस्कार. मी चिपळूणची. भाऊ लग्नांचं शूटिंग करतो, एडिटिंग माझ्याकडे. २०२१ च्या जुलैतल्या पुरात तळमजल्यावरचा आमचा पीसी गेला, तेव्हापासून लॅपटॉपवर ओढत होते. यंदा पैसे जमले, तसं लॅमिंग्टन रोडला जाऊन एकेक पार्ट पारखून घेतला आणि घरी स्वतः जोडला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिक, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ६५० वॉटचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज देणारा डबा), दोन स्क्रूंचा टॉवर कूलर.

पहिल्यांदा सुरू केला तेव्हा कितीतरी मिनिटं स्क्रीन काळीच. पोटात गोळा आला होता, पण मग आपोआप चालू झाला. विंडोज बसलं, दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवसापासून रडगाणं सुरू झालं.

रेंडर लावला की कधी वीस मिनिटांत, कधी दोन तासांनी ब्लू स्क्रीन. कोड दर वेळी वेगळा. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल, एकदा नुसतंच रीस्टार्ट. विंडोजच्या नोंदींत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल पॉवर ४१ च्या ओळीच ओळी. मोठी झिप फाइल उघडायला गेले की सीआरसी एरर, म्हणजे आतला डेटा जुळत नाही. आणि ज्याने झोप उडाली ते असं: एका हळदीच्या व्हिडिओत मध्येच हिरवी आडवी पट्टी येऊन गेली.

इथल्या दुरुस्तीवाल्या दादांनी कर्नल पॉवर वाचून एसएमपीएस गेला म्हणून सांगितलं. शेजारच्यांचा ७५० वॉटचा मागून आणून लावला, काही फरक नाही. मुंबईच्या दुकानदाराकडे रॅम कुरिअर केली. त्याने त्याच्या पीसीवर लावून बघितली, चांगली आहे म्हणून परत आली. विंडोज दोनदा नव्याने टाकलं. एक-दोनदा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ३२ ऐवजी १६ जीबीच दिसली होती, पण बंद करून चालू केल्यावर परत ३२ दिसली, म्हणून तिकडे लक्ष दिलं नाही.

तुळशीचं लग्न झालं, आता हंगाम डोक्यावर आहे. परत पाठवायचा तर कुठला पार्ट पाठवू? प्रत्येक दुकानदार दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

सोल्डरगन_सांगली:

ताई, आधी शांत व्हा, तुमचा पीसी पूर्ण मेलेला नाही. मी २२ वर्षं हेच काम करतो. मेलेला पीसी सोपा असतो, अधूनमधून आजारी पडणारा अवघड.

कर्नल पॉवर ४१ चा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. कशामुळे, ते ती ओळ सांगत नाही. त्या ओळीवरून एसएमपीएस बदलणं म्हणजे दार आपटल्याच्या आवाजावरून चोर ओळखणं. सुरुवातीची काळी स्क्रीनही सोडून द्या. तुमच्यासारखे एएम५ सॉकेटचे बोर्ड नव्या रॅमची पहिली ओळख करून घेताना बराच वेळ घेतात.

तुमच्या लिहिण्यात तीन गोष्टी एका दिशेला जातात. कोड दर वेळी वेगळा, झिपमध्ये सीआरसी आणि ती ‘१६ जीबीच दिसली’वाली ओळ. तुम्ही जी ओळ शेवटी लिहिलीत ती मी पहिली वाचली. रॅमपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी घाण आहे. लक्षात घ्या, वाटेत म्हणतोय, रॅममध्ये म्हणत नाही.

आता विंडोजला हात लावू नका. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅम वरच्या वेगाने पळवायची सेटिंग, बंद करा. ७६०० ला कंपनीने दोन स्टिकसाठी दिलेला अधिकृत वेग ५२०० आहे, ६००० हा वरचा वेग झाला. तो संशय आधी बाजूला काढू. बोर्डाच्या साइटवरचा नवा बायोस टाका, पण मशीन अशी अस्थिर असताना विंडोजमधून नको, पेन ड्राइव्हवरून. मग दुसऱ्या पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासायचा प्रोग्राम घ्या, फुकट आहे. ग्राफिक्स कार्ड काढून ठेवा. ७६०० ला स्वतःचा डिस्प्ले आहे, केबल बोर्डाला लावा.

मग एका वेळी एकच स्टिक. प्रोसेसरकडून मोजायला लागा, दुसरा स्लॉट आणि चौथा स्लॉट. दोन स्टिक, दोन स्लॉट, म्हणजे चार वेळा टेस्ट. प्रत्येक वेळी निदान दोन पास, म्हणजे तपासणीच्या दोन फेऱ्या, पूर्ण होऊ द्या. वहीत लिहा. घाई केलीत तर सगळं परत करावं लागेल.

एक_फ्रेम:

मीही एडिटर आहे म्हणून आधी वेगळं सांगते. ताई, आजपासून त्या पीसीवर कॅमेऱ्याचं एकही कार्ड कॉपी करू नका आणि भावाला फोन करून सांगा की एकही कार्ड फॉरमॅट करायचं नाही. रॅमच्या वाटेत गडबड असली की कॉपी करतानाच फाइल बिघडू शकते आणि विंडोज काहीही बोलत नाही. कॉपी पूर्ण झाली म्हणतं. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत दुरुस्ती असते म्हणून निर्धास्त राहू नका. ती चिपच्या आतल्या बिटांपुरती आहे, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या तारांवर तिचा पहारा नाही.

पीसी आज ना उद्या दुरुस्त होईल, हळद परत लागणार नाही.

वाशिष्ठीकाठ:

भावाला लगेच फोन केला. दोन कार्डं तशीच आहेत, तिसरं तो परवाच फॉरमॅट करून साखरपुड्याला घेऊन गेला होता. त्याबद्दल नंतर लिहिते.

काका, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. दोन्ही स्टिक दिसायला सारख्या, म्हणून एकीच्या स्टिकरवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. एक्स्पो बंद केल्यावर वेग ४८०० दाखवतो. बायोस नवा टाकला. वहीतलं जसंच्या तसं:

ठिपक्याची, दुसरा स्लॉट: तीन पास, एरर शून्य.
बिनठिपक्याची, दुसरा स्लॉट: तीन पास, शून्य.
ठिपक्याची, चौथा स्लॉट: अकराव्या मिनिटाला पहिली लाल ओळ, मग थांबेचना. हजाराच्या वर गेल्यावर बंद केलं.
बिनठिपक्याची, चौथा स्लॉट: पहिला पास शून्य, दुसऱ्या पासात चाळीस एरर.

चौथी टेस्ट संपली तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. आई उठून चहा करून गेली.

रात्रपाळी:

मग झालं की. दोन्ही स्टिक चांगल्या, चौथा स्लॉट खराब. बोर्ड वॉरंटीत पाठवा. तोपर्यंत एक स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून काम चालवा. १६ जीबीवर फोर-के एडिटिंग थोडं रडेल, पण चालेल.

सोल्डरगन_सांगली:

ताई, वही ठेवलीत हे फार बरं केलंत. निम्मं काम तिथेच झालं. रॅम संशयातून सुटली आणि दुकानदार खरं बोलत होता.

रात्रपाळी, तुमचं म्हणणं चुकीचं नाही, पण बोर्ड पाठवायची घाई नको. दुसरा स्लॉट म्हणजे ए चॅनल, चौथा म्हणजे बी चॅनल, प्रोसेसरपर्यंतच्या दोन वेगळ्या वाटा. रॅमचा कंट्रोलर आजकाल बोर्डावर नसतो, प्रोसेसरच्या आत असतो. चौथ्या स्लॉटातून निघालेली तार बोर्डातून सॉकेटपर्यंत जाते, सॉकेटच्या पिनेवर प्रोसेसरचा सोनेरी ठिपका टेकतो आणि तिथून आत. तेव्हा संशयित चार: स्लॉट, बोर्डातली तार, सॉकेटची पिन, प्रोसेसर. पिन आणि ठिपका यांच्यात सोल्डर नाही, नुसता दाब आहे. १७१८ पिना दाबाच्या भरवशावर उभ्या आहेत. कूलर एका बाजूने जास्त आवळला की दाब तिरका होतो आणि एखाद्या कडेच्या पिनेचा संपर्क धड लागत नाही, धड तुटतही नाही. मग कधी १६ दिसते, कधी ३२. मशीन तापलं की लक्षण बदलतं.

तुमच्या कूलरला दोनच स्क्रू आहेत म्हणालात. एक पूर्ण आवळून मग दुसरा आवळलात का?

वाशिष्ठीकाठ:

हो. तसंच केलं. दुसरा आवळताना फार जोर लागला होता, पण हलायला नको म्हणून शेवटपर्यंत आवळला.

सोल्डरगन_सांगली:

मग उद्या दिवसाउजेडी बसा.

मशीन दहा मिनिटं चालू ठेवा म्हणजे प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट मऊ होईल, मग बंद करून वायर काढा. दोन्ही स्क्रू आलटून पालटून अर्धा अर्धा वेढा सैल करा. कूलर वर ओढायच्या आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा. एएम५ ला प्रोसेसर चौकटीखाली दाबलेला असतो, त्यामुळे तो कूलरबरोबर उपटून येत नाही.

वरची पेस्ट पुसल्याशिवाय चौकट उघडू नका. प्रोसेसर कडांनी धरून सरळ उचला. सॉकेटमध्ये बोट, कापूस, फुंकर, काही नको. मोबाईलचा टॉर्च आडवा धरा, चारही बाजूंनी फोटो काढा. पिना सगळ्या एका दिशेला झुकलेल्या दिसल्या पाहिजेत. एखादीच वेगळी चमकली तर थांबा आणि फोटो इथे टाका. हे फोटो पुढे बोर्ड पाठवायची वेळ आली तरी लागतील. पिन वाकलेली आढळली की वॉरंटी नाकारतात, आणि ती कुणाकडे वाकली यावर वाद होतो.

सगळं ठीक असेल तर परत बसवा. स्क्रू दोन्ही बाजूंनी आधी बोटांनी टेकवा, मग इकडे एक वेढा, तिकडे एक वेढा. स्क्रू थांबला की तुम्हीही थांबा.

वाशिष्ठीकाठ:

काल दुपारी अंगणाकडच्या खिडकीत बसले. पलीकडचा स्क्रू सुटायलाच तयार नव्हता, अलीकडचा मात्र एका वेढ्यात मोकळा झाला. पुसायच्या आधी बघितलं तर प्रोसेसरवर पेस्टही तशीच होती. एका कडेला इतकी पातळ की खालचं धातू दिसत होतं, दुसऱ्या कडेला जाड राखाडी थर.

सॉकेट उघडताना हात थरथरत होता. आडव्या उजेडात पिना दिसल्या. लावणी झालेल्या खाचरातल्या रोपांसारख्या ओळीच्या ओळी, सगळ्या एका बाजूला कललेल्या. दोनदा बघितलं, बारा फोटो काढले, मोठे करून बघितले. एकही पिन वाकडी नाही. प्रोसेसर परत ठेवला, नवी पेस्ट लावली, इकडे एक वेढा तिकडे एक वेढा करत कूलर बसवला.

बिनठिपक्याची स्टिक चौथ्या स्लॉटमध्ये: चार पास, शून्य. ठिपक्याची चौथ्यात: चार पास, शून्य. मग दोन्ही एकदम लावून रात्रभर ठेवलं. सकाळी बघितलं, सगळं हिरवं. सात दिवस मी ज्या बोर्डाला आणि रॅमला दोष देत होते त्यांत काहीच बिघडलेलं नव्हतं. काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

आता कार्डांचं. जी दोन शाबूत होती ती पुन्हा कॉपी केली आणि जुन्या कॉपीशी हॅश, म्हणजे फाइलच्या डेटावरून निघणारा ठसा, जुळवून बघितले. १८६ फाइलींपैकी तीन जुळल्या नाहीत. तिन्ही अशा की डबल क्लिक केलं तर व्यवस्थित चालतात. एक_फ्रेम, तुम्ही सांगितलं नसतंत तर या तीन फाइली तशाच पुढे गेल्या असत्या. हळदीची ती हिरवी पट्टी मात्र फॉरमॅट झालेल्या कार्डावरची होती, ती फाइल पुन्हा मिळाली नाही. नवरीच्या घरी जाऊन खरं ते सांगितलं. दुसऱ्या कॅमेऱ्यात तोच क्षण थोडा लांबून आहे, तो चालेल म्हणाले.

एकच विचारायचं राहिलं, एक्स्पो आता चालू करू का?

एक_फ्रेम:

फॉरमॅट झालेलं कार्ड बाजूला ठेवा, त्यावर आणखी काही शूट करू नका. साखरपुड्याने जेवढी जागा घेतली असेल तेवढं गेलं, पण कार्ड मोठं असेल आणि क्विक फॉरमॅट केलं असेल तर उरलेल्या भागातून रिकव्हरी सॉफ्टवेअरने क्लिप निघू शकते. फोटोरेक फुकट आहे. मोठ्या व्हिडिओ फाइली कधी तुकड्यांत निघतात, पण प्रयत्न करून बघा. रिकव्हर केलेलं त्याच कार्डावर ठेवू नका.

सोल्डरगन_सांगली:

एक्स्पो चालू करा आणि परत एक रात्र मेमटेस्ट. एक जरी लाल ओळ आली तर हाताने ५२०० वर आणा आणि तिथेच राहू द्या. रेंडरला फार फरक पडणार नाही. शेजाऱ्यांचा एसएमपीएस परत केलात ना?

वाशिष्ठीकाठ:

आजच देऊन आले. कार्ड भावाकडून मागवलंय, आज रात्री फोटोरेक लावते.